साक्षीच्या माईकवरून जे सांगितले जात नाही



गेल्या उपवासकाळात एका बहिणीची साक्ष आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या महिलांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरत होती. दोन मुलांनंतर तिने कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन केले होते. पुढे त्रेचाळिसाव्या वर्षी नळ्या पुन्हा जोडून घेतल्या, नऊ शनिवारांची नोव्हेना केली आणि वर्षाच्या आत मूल झाले. साक्ष खरी असेल. ती खोटी म्हणायला आमच्यापाशी काही कारण नाही आणि त्या बाळासाठी आम्हीही देवाचे आभार मानतो. आमची तक्रार आहे ती त्यानंतर जे झाले त्याविषयी. आठवड्याभरात ही साक्ष आमच्या माहितीतल्या तीन स्त्रियांना आवर्जून पाठवली गेली. एकीचा तरुण मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला आहे, दुसरीचा दुसरा विवाह झाला आहे, आणि तिसरी चव्वेचाळीस वर्षांची असून तिची एकुलती मुलगी डेंग्यूने गेली. सोबत मजकूर एकच होता: विश्वास ठेव, तुझेही होईल.

या 'तुझेही होईल'च्या विरुद्ध आम्ही लिहीत आहोत.

आधी ही वेळ येते कशी ते पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांचे नसबंदीचे ऑपरेशन झालेले आहे. कर्नाटकात हे प्रमाण ५७ टक्के आहे आणि आंध्रात जवळजवळ ७०. पुरुषांची नसबंदी देशभरात ०.३ टक्के. पुरुषांचे ऑपरेशन सोपे, पोट न उघडता होणारे आणि कमी धोक्याचे, हे कोणताही डॉक्टर सांगेल. तरी टेबलावर चढते ती बाईच. आणि चढते तेव्हा तिचे वय बहुधा पंचविशीच्या आसपास असते. दुसरे बाळंतपण झाले, सिझेरियन असेल तर 'पोट उघडलेच आहे, उरकून घ्या' असे कुणीतरी म्हणते, सासूबाई मान डोलावतात, नवरा गोव्यात कामाला असतो, तो फोनवर 'बरं' म्हणतो. सरकारी फॉर्मवर लिहिलेले असते की ही पद्धत कायमची समजावी. त्या फॉर्मवर सही करणारी पोर नुकतीच बाळंत झालेली असते. ती काय वाचणार?

शिबिरांचा काळ तर अजून भयंकर होता. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांची ऑपरेशने उरकली गेली आणि डझनाहून अधिक जणी दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितले. हे सारे इथे मांडण्याचे कारण असे की ज्या बाईला आज 'तू देवाच्या देणगीला नकार दिलास' असे ऐकवले जाते, तिला त्या दिवशी कुणी काही विचारलेच नव्हते.

ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही लपवत नाही. १९६८ सालच्या 'ह्युमाने विते' या विश्वपत्रात संततिनियमनासाठीची नसबंदी, पुरुषाची असो वा स्त्रीची, अमान्य केली आहे आणि आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात तेच शिकवतो. पण त्याच ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात १७३५ वा परिच्छेदही आहे. अज्ञान, भीती, दडपण, सवय यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होते, कधी नाहीशीही होते, असे तो सांगतो. पहिला परिच्छेद तोंडपाठ आणि दुसरा माहीतच नाही, अशी काही मंडळी आपल्यात आहेत. मुलगा गमावलेल्या आईच्या दारात जाऊन 'तेव्हा ऑपरेशन केलेस ना, म्हणून' असे म्हणणारी एक बाई आमच्या ओळखीची आहे, आणि ती दररोज मिस्साला जाते. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोघांचेही नाही असे उत्तर दिले. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढून वाचावा. शिक्षेचा हिशेब मांडणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर आम्ही देणार नाही.

आता नळ्या जोडण्याकडे येऊ. इथे गोंधळ फार आहे आणि तो भक्तिभावाच्या नावाखाली वाढवला जातो.

२००८ च्या 'दिग्नितास पेर्सोने' या दस्तऐवजात ख्रिस्तसभेने स्पष्ट म्हटले आहे की नैसर्गिक गर्भधारणेतला अडथळा दूर करणारे उपचार, त्यांत बंद नळ्या मोकळ्या करणे किंवा शस्त्रक्रियेने दुरुस्त करणेही आले, हे योग्य आहेत. टेस्ट ट्यूब बेबीला मात्र १९८७ पासूनच 'दोनुम विते' मध्ये नकार आहे. म्हणजे नसबंदीनंतर पुन्हा मूल हवे असलेल्या कॅथलिक जोडप्यापुढे शस्त्रक्रियेचा मार्ग मोकळा आहे आणि दुसरा बंद. एवढे ऐकून काहींनी पुढची पायरी आपल्याच मनाने चढली: जो मार्ग देवाला मान्य आहे तो फळ देणारच. बंधुभगिनींनो, परवानगी म्हणजे वचन नव्हे. शेती करायला देवाची मनाई नाही, म्हणून दर वर्षी भात पिकतेच का?

आम्ही कला शाखेचे. जीवशास्त्र दहावीनंतर सुटले. पण गेली काही वर्षे या स्त्रियांबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसून, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून आणि मिळाले ते वाचून जे समजले ते इथे ठेवतो.

नळी जोडली की रस्ता मोकळा होतो. रस्त्यावरून जे यायचे ते बीज मात्र बाईच्या वयाचेच असते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या आयुष्यभराची बीजे तिच्यासोबतच जन्मतात, नवी तयार होत नाहीत. चाळिशीतल्या बाईचे बीजही चाळीस वर्षांचे. पाट कितीही सुबक बांधला म्हणून विहिरीचे पाणी वाढत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बाईच्या शरीराविषयी मात्र आपण ते विसरतो.

२०१७ साली जगभरातल्या ३७ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. नळ्या जोडल्यावर गर्भ राहण्याचे प्रमाण ४२ ते ६९ टक्के निघाले. जाहिरातीत हाच आकडा येतो, आणि तो सर्व वयांचा मिळून आहे. त्याच आढाव्याने पुढे सांगितले की गर्भ राहील की नाही यावर खात्रीने परिणाम करणारी गोष्ट एकच सापडली, स्त्रीचे वय. सूक्ष्मदर्शकाखाली पोट उघडून केले, दुर्बिणीतून केले की रोबोटने केले, याने फारसा फरक पडला नाही. रोबोटचे पैसे मोजणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. बेल्जियमच्या ब्रुसेल्समधल्या डॉक्टरांचा २००७ चा अभ्यास आणखी थेट आहे. सहा वर्षांच्या काळात ३७ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी ७२ टक्क्यांना मूल झाले, तर ३७ आणि त्यापुढच्या स्त्रियांत हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास आले. तरुण स्त्रियांत शस्त्रक्रिया टेस्ट ट्यूबपेक्षा सरस ठरली होती. ३७ नंतर तो सरसपणा उरला नाही. चाळिशी ओलांडल्यावर आकडा आणखी खाली जातो.

आणि गर्भ राहणे म्हणजे मूल हातात येणे नव्हे. नॉर्वेतल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासात पंचवीस ते एकोणतीस वयाच्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण १० टक्के होते, पंचेचाळीस आणि त्यापुढे ५३ टक्के. एक मूल मातीत ठेवून आलेल्या बाईला तिसऱ्या महिन्यात पुन्हा रिकामे व्हावे लागले तर काय होते, ते आम्ही पाहिले आहे. त्याची साक्ष माईकवरून कुणी देत नाही. द्यावी असेही आमचे म्हणणे नाही. पण जे यशस्वी झाले तेवढेच माईकवर येते आणि ऐकणारीला वाटते की जगात तेवढेच घडते.

यापुढचे मात्र जिवाशी आहे, म्हणून जरा सावकाश वाचावे. जोडलेल्या नळीत सांध्याच्या जागी वाट अरुंद राहू शकते. मग गर्भ गर्भाशयापर्यंत न पोहोचता नळीतच अडकतो. त्या आढाव्यात हे प्रमाण ४ ते ८ टक्के होते, साधारण बाईपेक्षा कितीतरी जास्त. नळीतला गर्भ वाढत नाही, नळी फाटते, पोटात रक्तस्राव होतो आणि वेळेत दवाखाना गाठला नाही तर बाई जाते. नळ्या जोडलेल्या स्त्रीची पाळी आठवडाभर चुकली की तिने ताबडतोब तपासणी आणि त्यापाठोपाठ सोनोग्राफी करून गर्भ कुठे आहे ते पाहून घ्यायचे असते. ओटीपोटात एका बाजूला दुखणे, थोडे थोडे रक्त जाणे, खांद्यात कळ, चक्कर, ही लक्षणे थांबण्याची नाहीत.

आता या बाईच्या कानावर काय पडलेले असते ते पाहा. नोव्हेना पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगू नको. दृष्ट लागेल. मशीन लावून देवाच्या कामाची परीक्षा घेऊ नको. आमच्या शेजारच्या धर्मग्रामातली एक बेचाळीस वर्षांची बहीण अशीच पाचव्या शनिवारी पोट धरून घरी बसून राहिली. शेवटी तिच्या दिराने जीपमध्ये घालून नेले म्हणून वाचली, नळी काढावी लागली. तिला थांब म्हणणाऱ्यांपैकी कुणीही दुष्ट नव्हते. सगळी प्रार्थना करणारी माणसे होती. त्यामुळेच आम्हाला इतक्या कडक शब्दांत लिहावे लागते. दुष्ट माणसाच्या सल्ल्यापासून बाई सावध असते.

आकडे मांडणे म्हणजे अविश्वास, असे आम्हाला एका प्रार्थनासभेत तोंडावर सांगण्यात आले. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दाखला प्रभूनेच दिलेला आहे, लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात. हिशेब न करता पाया घालणाऱ्याला लोक हसतात, असेही तिथे आहे. इथे लोक हसत नाहीत, 'विश्वास कमी पडला' म्हणतात. ते हसण्यापेक्षा वाईट.

मग सारा, हन्ना, अलीशिबा यांचे काय, असे विचारले जाते. त्यांच्या कथा आम्हीच दरवर्षी मुलांना शिकवतो. पण पवित्र शास्त्राने त्या आश्चर्य म्हणून नोंदवल्या आहेत, नियम म्हणून नाहीत. सारा हसली ती असे होत नसते हे तिला पक्के ठाऊक होते म्हणून. जखऱ्या याजक होता, तरी त्यालाही पटले नाही. हन्नाच्या कथेत तर आपल्यासारख्यांसाठी एक चपराक आहे आणि ती प्रवचनात क्वचितच येते. मंदिरात ओठ हलवत रडणाऱ्या त्या बाईला एली याजकाने दारू प्यालेली समजून झापले होते. दुःखी बाई दारात आली आणि देवाच्या माणसाने तिला न ऐकताच निदान केले. आपल्याकडे एलीचे वंशज भरपूर आहेत. एलीने निदान नंतर मागे तरी घेतले होते.

नळ्या जोडण्याच्या गोष्टीला आपल्या श्रद्धास्थानाशी जोडणारा एक प्रसंग खरोखर घडलेला आहे. २६ डिसेंबर २००४, नाताळानंतरचा रविवार. वेलंकनीला गोव्याहून, बेळगावहून किती माणसे जातात ते सांगायला नको. ती वेलंकनी नागपट्टिणम जिल्ह्यात, आणि तमिळनाडूत त्सुनामीने सर्वांत जास्त माणसे नेली ती त्याच जिल्ह्यात. गेलेल्यांत मुले फार होती. त्यांच्या आयांपैकी कितीतरी जणींचे ऑपरेशन झालेले होते, कारण तमिळनाडू कुटुंब नियोजनात पुढे. तेव्हा राज्य सरकारने अशा आयांच्या नळ्या मोफत जोडून देण्याची व्यवस्था केली. काहींच्या मांडीवर पुन्हा मूल आले, काहींच्या आले नाही. ज्यांच्या आले नाही त्यांचा विश्वास काय कमी होता? त्याच किनाऱ्यावर, त्याच मातेच्या मंदिराच्या सावलीत राहणाऱ्या बायका त्या. ज्यांच्या आले त्यांच्यापैकी बऱ्याच जणी वयाने तरुण होत्या, एवढा साधा फरक पाहायला आपण का घाबरतो?

जाता जाता दुसऱ्या बाजूचाही समाचार घेतला पाहिजे, नाहीतर आम्ही फक्त आपल्याच लोकांवर चिडलो असे होईल. शहरांत चौकाचौकांत बाळाचे फोटो लावलेले जे फलक असतात, 'पन्नाशीतही आई' म्हणणारे, त्यांत एक गोष्ट कधी लिहिलेली नसते: बीज कुणाचे. चाळिशीच्या बऱ्याच पुढे गेलेल्या बाईला तिथे मूल होते ते बहुतेक वेळा दुसऱ्या तरुण स्त्रीचे बीज घेऊन. स्वतःच्या बीजाने त्या वयात यश फार थोड्यांना येते. २०२१ च्या कायद्याने स्त्रीसाठी ५० वर्षांची मर्यादा घातली, पण फलकावर खरे लिहिण्याची सक्ती कोण करणार? तिथला फलक आणि आपल्याकडची साक्ष यांत आम्हाला एकच खोट दिसते. दोन्हीकडे किती जणी आल्या हे सांगत नाहीत, किती जणींना मूल झाले तेवढे दाखवतात.

तर मग कुणी चाळिशीची बहीण येऊन म्हणाली, नळ्या जोडून घेऊ का, तर 'नको' म्हणायचे का? आम्ही तसे म्हणत नाही. तिला 'या वयात शोभते का' म्हणणाऱ्यांचाही आम्हाला तितकाच राग आहे. शंभरातल्या वीस जणींना मूल होत असेल तर ती त्या विसांत असू शकते आणि धोका पत्करायचा की नाही हा तिचा आणि तिच्या नवऱ्याचा निर्णय आहे. पण निर्णयाआधी तिच्या हातात काही गोष्टी असल्या पाहिजेत. जुन्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड शोधावे, कारण नळीवर रिंग लावली होती, तुकडा कापला होता की जाळले होते, यावर किती नळी शिल्लक आहे ते ठरते. जोडल्यावर निदान चार सेंटिमीटर तरी लांबी उरावी असे डॉक्टर सांगतात. तिची एएमएच आणि सोनोग्राफी व्हावी, म्हणजे बीजाचा साठा कळेल. नवऱ्याची वीर्यतपासणी तिच्या पोटाला हात लावण्याआधी व्हावी. हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम ठळक आवाजात म्हणतो, कारण ऑपरेशन होऊन वर्ष गेल्यावर दोष नवऱ्यात निघाल्याची उदाहरणे डॉक्टरांनी आम्हाला सांगितली आहेत. साधी तपासणी, आणि तीही पुरुषाला जड जाते! साखर आणि रक्तदाब पाहावेत, त्या वयातले बाळंतपण सोपे नसते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हे ऑपरेशन होते का, याची चौकशी आधी करावी. एका हंगामाचे उसाचे बिल खासगीत घालवण्याआधी एवढे करायला हरकत नाही. आणि डॉक्टरांना थेट विचारावे: माझ्या वयाच्या किती जणींची तुम्ही केली आणि त्यांतल्या किती जणी मूल घेऊन घरी गेल्या? या प्रश्नावर जो डॉक्टर रागावेल, त्याच्याकडून उठून यावे.

काही जणी आमच्याकडे वेगळ्याच ओझ्याने येतात. त्यांना मूल नको असते, पण पापनिवेदनानंतरही वाटत राहते की नळ्या जोडून घेतल्याशिवाय क्षमा पुरी होत नाही. बहिणींनो, असे नाही. पोट पुन्हा उघडण्याची अट तुमच्यावर कुणी घातलेली नाही. क्षमा मिळाली ती मिळाली. शंका असेल तर आपल्या फादरांना विचारा, आमचा शब्द घेऊ नका.

दत्तकाची गोष्ट सांत्वन म्हणून कुणी लगेच तोंडावर फेकू नये, पण ज्यांना त्या वाटेने जायचे आहे त्यांना माहिती हवी. ख्रिस्ती दांपत्याला पूर्वी फक्त पालकत्व मिळायचे, दत्तक नाही. आता बालन्याय कायद्याखाली पूर्ण दत्तक मिळते. मात्र तिथेही वय मोजतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त चालत नाही, मोठ्या मुलासाठी ही मर्यादा सैल होते. नळ्या जोडून पाच वर्षे वाट पाहिल्यावर हा नियम कळणे फार वाईट.

राहिली ती आपली मदर्स डेची पद्धत. मिस्सा संपल्यावर सर्व मातांनी उभे राहावे म्हणून सांगतात, मुले गुलाब देतात, टाळ्या होतात. मुलगी गेलेली ती चव्वेचाळीस वर्षांची बहीण गेल्या वर्षी उभी राहावे की नाही हे न कळून अर्धी उठली आणि पुन्हा बसली. पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळून पाहत होत्या. या वर्षीच्या नियोजनाच्या बैठकीत आम्ही एवढेच मांडणार आहोत की कुणाला उभे करू नका. गुलाबांची टोपली दाराशी ठेवा, जिला घ्यावेसे वाटेल ती जाताना घेईल.